इंग्लिशमधून आपला किस्सा रंगवायचा कसा

ऑफिसच्या कॉलवर दोन मिनिटं आधी जॉइन झालं की समोरचा हमखास विचारतो, हाऊ वॉज युअर वीकेंड, आणि आपल्यातले बरेच जण "गुड गुड, थँक यू" म्हणून गप्प बसतात. खरं तर वीकेंडला ताम्हिणी घाटात गाडी बंद पडलेली असते, पावसात भिजत मेकॅनिकची वाट बघितलेली असते, शेवटी एका टेम्पोवाल्याने दोरी बांधून गाडी ओढत आणलेली असते, आणि हाच किस्सा सोसायटीच्या कट्ट्यावर हातवारे करून सांगितला तेव्हा सगळे खो खो हसलेले असतात. म्हणजे प्रेझेंटेशन जमतं, क्लायंटला ईमेल जमतो, प्रॉडक्शनला काय फुटलं ते इंग्लिशमध्ये नीट समजावून सांगता येतं, फक्त स्वतःच्या बाबतीत घडलेली साधी गोष्ट सांगायची वेळ आली की जीभ जड होते.

कामाच्या इंग्लिशला आधार असतो. स्लाइड असते, ठरलेले शब्द असतात, आणि समोरच्याला ते ऐकणं भागच असतं. किश्श्याला यातलं काहीच नाही, ऐकणाऱ्याचं लक्ष आपणच धरून ठेवायचं असतं. मी मराठी मीडियममधून आलेल्या मंडळींचा शनिवारी सकाळी इंग्लिश बोलायचा सराव घेते आणि त्यातून माझं पक्कं मत झालंय की "आधी इंग्लिश सुधारू दे, मग किस्से सांगू" हा क्रमच उलटा आहे. किस्से सांगता सांगता इंग्लिश सुटतं, आणि तेही रोज नवीन किस्सा शोधून नाही, एकच किस्सा वेगवेगळ्या माणसांना परत परत सांगून. पुढे जे लिहिलंय ते सगळं याच्याभोवती आहे.

किस्सा कुठला घ्यायचा

छोटा घ्या. एक ठिकाण, एक प्रसंग, दोन-तीन माणसं, आणि आपण धरून चाललो होतो त्यापेक्षा काहीतरी वेगळं घडलं, एवढंच पाहिजे. लग्न कसं ठरलं, नोकरी कशी सोडली असले मोठे विषय सुरुवातीला नकोच, कारण त्यात मागचं पुढचं इतकं सांगावं लागतं की मूळ गोष्ट येईपर्यंत ऐकणारा मोबाइल बघायला लागतो. चुकीच्या ट्रेनमध्ये बसणं, दुसऱ्याच्या चपला घालून देवळातून घरी येणं, शेजारच्यांचं पार्सल आपलं समजून उघडणं, अशा गोष्टी उत्तम.

दुसरं म्हणजे मराठीत आधीच पाच-सहा वेळा सांगून झालेला किस्सा घ्या. कुठे लोक हसतात, कुठे "मग?" म्हणतात, कुठला भाग कंटाळवाणा होतो हे तुम्हाला माहीत असतं, त्यामुळे इंग्लिशमध्ये सांगताना गोष्टीचा विचार करायला लागत नाही, फक्त शब्दांचा करायला लागतो. एक मात्र बघा, किश्श्याची सगळी गंमत शाब्दिक कोटीत असेल किंवा कोणाच्या कोल्हापुरी, मालवणी बोलण्याच्या ढंगात असेल तर तो मराठीसाठीच ठेवा, इंग्लिशमध्ये नेला की त्यातलं काहीच उरत नाही.

आणि ज्या गोष्टीत तुम्ही स्वतः गुंतलेले आहात ती घ्या. विल्यम लबॉव्ह नावाचे अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ साध्या लोकांचं रोजचं बोलणं रेकॉर्ड करायचे. समोर रेकॉर्डर दिसला की माणसं सावध, शुद्ध बोलायला लागतात, ही त्यांची अडचण. मग ते विचारायचे, आता मरतो की काय असं तुम्हाला कधी वाटलंय का, काय झालं होतं तेव्हा? तो प्रसंग सांगताना माणूस त्यात इतका रंगायचा की रेकॉर्डर विसरायचा. आपल्यालाही नेमकं हेच हवंय, फक्त आपला रेकॉर्डर डोक्यात असतो, प्रत्येक वाक्याला "बरोबर बोललो का" विचारणारा. गोष्टीतच जीव अडकला की तो आवाज कमी होतो.

गोष्टीचा सांगाडा

याच लबॉव्ह यांनी जोशुआ वॉलेट्स्की यांच्याबरोबर १९६७ मध्ये एक निबंध लिहिला, लोक तोंडी सांगतात त्या स्वतःच्या अनुभवांत कुठकुठले भाग असतात यावर. पुढे लबॉव्ह यांनी तो आराखडा आणखी नीट केला आणि आजही तो शिकवला जातो. सोप्या मराठीत सांगायचं तर पहिल्या एक-दोन वाक्यांत गोष्ट कशाबद्दल आहे ते येतं, मग कोण-कुठे-कधी, मग गडबड, मग शेवटी काय झालं, आणि मग आजच्या काळात परत येणं. या सगळ्यात पसरलेली असते एक गोष्ट, ती म्हणजे मला त्यावेळी काय वाटलं, हे मी का सांगतोय. ते नसलं की ऐकणाऱ्याच्या मनात एकच प्रश्न येतो, बरं मग?

नारदीय कीर्तन ऐकलेल्यांना यात नवीन काही वाटणार नाही. पूर्वरंगात बुवा विषय मांडतात आणि उत्तररंगात आख्यान लावतात, त्यामुळे गोष्ट सुरू होताना ती कशासाठी चाललीय हे श्रोत्याला ठाऊक असतं. इंग्लिशमधला पूर्वरंग एका वाक्याचा ठेवा. "दिस इज हाऊ आय मेट माय बेस्ट फ्रेंड." झालं. किंवा "आय वन्स स्लेप्ट थ्रू माय ओन इंटरव्ह्यू." आता पुढची दोन वाक्यं अडखळत आली तरी समोरचा थांबतो, कारण त्याला पुढचं ऐकायचं असतं. आणि हे पहिलं वाक्य अक्षरशः पाठ करा. शेवटचं पण. मधलं काहीच पाठ करू नका, त्याचं कारण पुढे सांगते.

एक किस्सा उघडून बघू

आमच्या ग्रुपमधल्या एका मुलाने (त्याला विचारूनच लिहितेय) पहिल्यांदा सांगितलेला किस्सा साधारण असा होता:

"ॲक्च्युअली आय वॉज स्टेइंग इन पुणे फॉर माय इंजिनिअरिंग, माय नेटिव्ह प्लेस इज निअर वाई, सो माय मदर वॉज सेंडिंग टिफिन बाय एसटी, एसटी मीन्स स्टेट ट्रान्सपोर्ट, देन वन संडे आय हॅड गॉन टू स्वारगेट, देन बस केम, देन कंडक्टर गेव्ह टिफिन, देन आय हॅड ओपन्ड इट इन रूम, इट वॉज समबडी एल्सेस टिफिन, देन ही कॉल्ड मी, ही टोल्ड दॅट आय हॅव युअर टिफिन, सो लाइक दॅट वी बिकेम फ्रेंड्स, इट वॉज व्हेरी फनी."

व्याकरणाच्या चुका आहेत पण त्या मला फार खटकल्या नाहीत. खटकलं हे की यात तो स्वतः कुठेच नाही. डबा उघडल्यावर काय दिसलं? त्याला काय वाटलं? त्याने काय केलं? आम्ही मराठीत खोदून विचारलं तेव्हा कळलं की आईने दोडक्याची भाजी पाठवली होती आणि हातात आलेल्या डब्यात पुरणपोळ्या होत्या, आणि डबा आपला नाही हे समजूनही पठ्ठ्याने त्या सगळ्या खाल्ल्या! म्हणजे किश्श्याचा जीव जिथे होता तोच भाग इंग्लिशमध्ये येताना गळून पडला. हे मी जवळजवळ प्रत्येकाच्या बाबतीत बघते. शब्द कमी पडले की माणूस घटना वाचवतो आणि भावना सोडून देतो, आणि मग शेवटी "व्हेरी फनी" असं लेबल लावून मोकळा होतो. तुम्ही उलट करा. घटना दोन गाळल्या तरी चालतील, स्वतःला काय वाटलं ते गाळू नका.

बऱ्याच वेळा सांगून सांगून तोच किस्सा पुढे असा झाला:

"दिस इज हाऊ आय मेट माय बेस्ट फ्रेंड. व्हेन आय वॉज इन कॉलेज, माय मॉम सेंट मी होममेड फूड एव्हरी संडे. ऑन अ बस. शी जस्ट हँडेड द बॉक्स टू द कंडक्टर, विथ माय नंबर ऑन अ स्लिप इनसाइड, अँड आय पिक्ड इट अप ॲट द अदर एंड. सो वन संडे आय गेट बॅक टू माय रूम, आय ओपन द बॉक्स, अँड इट्स नॉट माइन. माय मॉम हॅड प्रॉमिस्ड मी ग्रीन व्हेजिटेबल्स. दिस वॉज पुरणपोळी, स्वीट फ्लॅटब्रेड, फाइव्ह ऑफ देम, स्टिल सॉफ्ट. आय न्यू दे वेअर समवन एल्सेस. आय स्टूड देअर फॉर अ फुल मिनिट, फीलिंग टेरिबल. अँड देन आय एट ऑल फाइव्ह. टेन मिनिट्स लेटर माय फोन रँग. धिस गाय सेज, आय हॅव युअर व्हेजिटेबल्स. प्लीज टेल मी यू हॅवन्ट टच्ड माय पुरणपोळी. आय कुडन्ट से अ वर्ड. दॅट वॉज इयर्स अगो, अँड ही स्टिल ब्रिंग्ज इट अप एव्हरी होली."

सावकाश बोललं तरी एक मिनिट, फार तर सव्वा मिनिट. एकही अवघड शब्द नाही. वाई गेली, इंजिनिअरिंग गेलं, एसटीचा फुल फॉर्म गेला, स्वारगेट गेलं, कारण गोष्टीला त्यांची गरज नव्हती. नंबरची चिठ्ठी मात्र आली, कारण ती नसती तर तो फोन आला कसा हे ऐकणाऱ्याने विचारलंच असतं (पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आम्ही सगळ्यांनी तेच विचारलं). सुरुवातीच्या माहितीला हीच कसोटी लावायची, पुढे उपयोगी पडणार असेल तर ठेवा, नाहीतर काढा. आणि पुरणपोळीला पुरणपोळीच म्हटलंय, लगेच पुढे दोन शब्दांत काय ते सांगितलंय आणि पुढे सरकलाय. आपले पदार्थ, सण, नाती यांची नावं लपवायची काहीच गरज नाही, पण तिथे थांबून हरभऱ्याची डाळ कशी शिजवतात ते सांगत बसू नका.

आपली मराठी वळणं कुठे अडवतात

सगळ्यात जास्त अडवतो तो "हॅड". आपण मराठीत म्हणतो, काल आम्ही लोणावळ्याला गेलो होतो. मग इंग्लिशमध्ये येतं, यस्टरडे वी हॅड गॉन टू लोणावळा. इंग्लिश ऐकणाऱ्याला हॅड गॉन ऐकलं की वाटतं हे कुठल्यातरी दुसऱ्या गोष्टीच्या आधी झालं असणार, आणि तो त्या दुसऱ्या गोष्टीची वाट बघत बसतो. म्हणून सगळा किस्सा साध्या भूतकाळात सांगा, वेंट, सॉ, टुक, रॅन, आणि हॅड फक्त तेव्हाच काढा जेव्हा गोष्टीच्याही मागे जायचंय. वरच्या किश्श्यात आईने भाजीचं सांगितलं होतं ते आधीचं, म्हणून तिथे हॅड प्रॉमिस्ड बरोबर बसलं. एवढी एक सवय बदलली तरी निम्मा गोंधळ संपतो असा माझा अनुभव आहे.

मग "तो म्हणाला की". मराठीत "तो म्हणाला की मी येतो" यात मी म्हणजे तोच. इंग्लिशमध्ये "ही टोल्ड दॅट आय विल कम" झालं की आय म्हणजे तुम्ही, आणि ऐकणारा हरवतो. व्याकरणाच्या पुस्तकात यावर डायरेक्ट-इनडायरेक्टचा पूर्ण धडा असतो, काळ बदला, सर्वनाम बदला वगैरे, पण बोलताना त्या वाटेला जायची गरजच नाही. दॅट काढून टाका आणि त्या माणसाचं वाक्य त्याच्याच आवाजात बोला. ही सेड, आय हॅव युअर व्हेजिटेबल्स. झालं, व्याकरण पण सुटलं आणि किस्सा पण जिवंत झाला. अमेरिकेतली तरुण मंडळी इथे "ही वॉज लाइक" म्हणतात, मित्रमंडळीत ते छान चालतं, ज्येष्ठ साहेबांसमोर साधं सेड बरं.

भावनांची वाक्यं आपण मराठीत "मला" ने करतो, मला राग आला, मला भीती वाटली, मला कससंच झालं. इंग्लिशमध्ये ती आयत्या वेळी जुळवायला गेलं की घोळ होतो, त्यामुळे आठ-दहा वाक्यं तयारच ठेवा: आय वॉज सो एम्बॅरस्ड, आय फ्रोझ, आय कुडन्ट बिलीव्ह इट, माय हँड्स वेअर शेकिंग, आय वॉज फ्युरिअस, आय डिडन्ट नो व्हेअर टू लुक, आय बर्स्ट आउट लाफिंग. शब्द सुटे पाठ करू नका, आख्खं वाक्य तोंडात बसवा. तसंच माझ्या हातून ग्लास पडला हे "द ग्लास फेल फ्रॉम माय हँड" असं येतं, समजतं सगळ्यांना, पण आय ड्रॉप्ड द ग्लास म्हटलं की तुम्ही गोष्टीत दिसता.

"देन देन देन" ची माळ लागत असेल तर प्रत्येक देनला पर्याय शोधत बसू नका, बहुतेक देन नुसते गाळले तरी चालतात. घटना क्रमाने सांगितल्या की मग, मग म्हणावं लागत नाही. एखाद्या ठिकाणी सो, आणि जिथे खरी कलाटणी आहे तिथे एकदाच अँड देन, ते पण आधी थांबून.

मावसभाऊ, चुलतबहीण, आतेभाऊ सगळ्यांना नुसतं कझिन म्हणा. कझिन ब्रदर इथे चालतं, बाहेरच्यांना विचित्र वाटतं. काका वारले तर पास्ट अवे, एक्स्पायर्ड नको. आउट ऑफ स्टेशन नको, आउट ऑफ टाउन. लाख-कोटी असतील तर रक्कम टाळाच किंवा "अ लॉट ऑफ मनी" म्हणा, किश्श्यात आकडेमोड कोण करतंय.

वरच्या किश्श्यात "आय गेट बॅक, आय ओपन" असा मध्येच वर्तमानकाळ आलाय तो बघितलात का? ते चूक नाहीये. आपण पण मराठीत करतोच की, "मी जातो तर काय, दार सताड उघडं!" इंग्लिश बोलणारेही ऐन प्रसंगात असंच सरकतात. पण हे नंतर. आधी साधा भूतकाळ पक्का करा, मग कलाटणीच्या दोन वाक्यांपुरतं वापरून बघा.

सराव

आता पाठ का करायचं नाही ते. लिहून पाठ केलेल्या किश्श्यातला एक शब्द आठवला नाही की पुढची सगळी गाडी तिथेच अडते, शिवाय पाठ केलेलं लगेच ऐकू येतं, आवाज सपाट होतो आणि डोळे वर जातात. त्याऐवजी चिठ्ठीवर पाच-सहा शब्द लिहा. बस, चिठ्ठी, डबा, पुरणपोळी, फोन, होळी. मराठीत लिहिलेत तरी चालतील. आणि त्याच्यावरून सांगा. दर वेळी वाक्यं थोडी वेगळी होतील, तेच पाहिजे.

भाषा शिकवणाऱ्यांमध्ये ४/३/२ नावाची एक पद्धत प्रसिद्ध आहे. कीथ मॉरिस यांनी ती १९८३ मध्ये मांडली आणि न्यूझीलंडचे पॉल नेशन यांनी पुढे तिच्यावर काम केलं. करायचं एवढंच, एकच गोष्ट एकाला चार मिनिटांत सांगायची, मग तीच दुसऱ्याला तीन मिनिटांत, मग तिसऱ्याला दोन मिनिटांत. ऐकणारा दर वेळी नवा पाहिजे ही अट महत्त्वाची, कारण त्याच माणसाला परत सांगताना आपण "ते तर तुला माहितीच आहे" म्हणून गाळत जातो. वेळ कमी होत जातो तशी फालतू माहिती आपोआप गळते, आणि शब्द आधी एकदा सापडलेले असल्याने अडखळणं कमी होतं. आपला किस्सा मुळात छोटा असतो म्हणून आम्ही तीन मिनिटं, दोन मिनिटं, एक मिनिट असं करतो. तीन माणसं नसतील तर फोनवर व्हॉइस रेकॉर्डर लावा, पण एक तरी खरा माणूस मिळवाच, कारण समोरचा कुठे कपाळाला आठ्या घालतो ते रेकॉर्डर सांगत नाही.

रेकॉर्डिंग ऐकताना व्याकरण तपासू नका. फक्त दोन गोष्टी बघा. सगळ्यात लांब कुठे अडखळलो, आणि कलाटणी यायच्या आधी थांबलो का. जिथे अडखळलात तिथलं एकच वाक्य नीट करून घ्या आणि लगेच परत पूर्ण किस्सा सांगा. कलाटणीच्या आधी थांबणं तर इतकं गरजेचं आहे ना, "अँड देन..." म्हणून एक श्वास घ्या आणि मग "आय एट ऑल फाइव्ह" मधल्या ऑल वर जोर द्या. मराठीत आपण हे न सांगता करतो, इंग्लिशमध्ये आलं की भीतीपोटी सगळं एका दमात उरकून टाकतो.

बाहेर सराव करायचा असेल तर टोस्टमास्टर्स क्लब, म्हणजे लोकांसमोर बोलायचा सराव करणारे गट, चांगले आहेत. राल्फ स्मेडली यांनी १९२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता ॲना इथे पहिला क्लब काढला, आज पुण्या-मुंबईत, नागपुरात सगळीकडे क्लब आहेत, पाहुणा म्हणून एखाद्या मीटिंगला जाऊन बघता येतं. तिथलं पहिलं भाषणच चार ते सहा मिनिटांचं, स्वतःची ओळख करून देणारं असतं, आणि आयुष्याचा बायोडेटा वाचण्यापेक्षा त्यात एकच किस्सा नीट सांगितला तर लोक लक्षात ठेवतात. कोण किती वेळा अं-अं करतो हे मोजायलाही तिथे एक माणूस नेमलेला असतो, सुरुवातीला त्याचं टेन्शन येतं पण सवय छान लागते.

आयेल्ट्स, म्हणजे परदेशी जाण्यासाठीची इंग्लिशची परीक्षा, देणाऱ्यांनी तर किश्श्यांचा साठा करावाच. स्पीकिंगच्या दुसऱ्या भागात कार्ड हातात येतं, एक मिनिट विचार करायला आणि एक ते दोन मिनिटं बोलायला, आणि बऱ्याच कार्डांवर "अ टाइम व्हेन यू..." असंच काहीतरी असतं, कोणाला मदत केली, उशीर झाला, काहीतरी हरवलं. चार-पाच किस्से पक्के असले की एकच किस्सा तीन-चार कार्डांना बसवता येतो. डब्याचाच घ्या, मित्र, खाणं, चूक, फोन कॉल, कशालाही चालेल.

बोलण्यात शिरायचं कसं

तयार किस्सा खिशात आहे पण चार जण भराभर इंग्लिश बोलतायत, त्यात शिरणार कुठून? हार्वी सॅक्स नावाचे संशोधक १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियात शिकवायचे, साध्या गप्पांच्या टेप ऐकून त्यांनी दाखवलं की एकाने गोष्ट सांगितली की दुसरा बहुतेक वेळा तशीच दुसरी गोष्ट सांगतो. आपल्या कट्ट्यावरही हेच चालतं, एकाने सापाची गोष्ट काढली की सगळ्यांच्या गोष्टीत साप निघतात. नवशिक्यासाठी हीच सगळ्यात सोपी जागा. विषय तयार असतो, ऐकणारे तयार असतात, बरेचसे शब्द तर आधीच्या माणसाने नुकतेच वापरलेले असतात, ते उचलायचे. आधी त्याच्या गोष्टीला दाद द्या, "ओ नो, दॅट्स ऑफुल" किंवा "नो वे", आणि मग "समथिंग सिमिलर हॅपन्ड टू मी". पण त्याच्या गोष्टीवर कडी करायला जाऊ नका, त्याचा हात मोडला असेल तर तुमचे दोन हात मोडल्याची गोष्ट त्याच वेळी नको.

मध्येच शब्द अडला तर "सॉरी, माय इंग्लिश इज नॉट गुड" हे वाक्य अजिबात काढायचं नाही, यावर मी हट्टी आहे. ते म्हटलं की सगळ्यांचं लक्ष गोष्टीवरून उठून तुमच्या इंग्लिशवर जातं आणि मग समोरचा "नो नो, युअर इंग्लिश इज ग्रेट" म्हणत बसतो, किस्सा तिथेच संपतो. त्यापेक्षा "व्हॉट डू यू कॉल इट" म्हणून वस्तूचं काम सांगा, द थिंग यू पुल अ कार विथ, कोणीतरी लगेच "टो रोप" म्हणतं. ऐकणाऱ्याने शब्द पुरवला की तोही गोष्टीत सामील होतो. क्रम चुकला तर "वेट, आय फरगॉट टू टेल यू" म्हणा आणि राहिलेलं सांगून टाका, इंग्लिशवाले पण असंच करतात.

आणि संपवायचं कसं हे ठरलेलं पाहिजे. शेवट ठरलेला नसला की आपण "सो लाइक दॅट", "सो यस" करत घुटमळतो. आजच्या काळात आणणारं एक वाक्य, ही स्टिल ब्रिंग्ज इट अप, किंवा आय चेक द लेबल एव्हरी टाइम नाऊ, आणि गप्प. हसणं एक सेकंद उशिरा येतं, त्या सेकंदात घाबरून जोक समजावून सांगायला लागू नका.

इंटरव्ह्यूमधला किस्सा थोडा वेगळा. तिथे "टेल मी अबाउट अ टाइम" विचारलं की परिस्थिती, तुमचं काम, तुम्ही काय केलं आणि निकाल काय लागला, या क्रमाने ऐकायचं असतं, आणि जास्त वेळ "तुम्ही काय केलं" वर घालवा. वी, वी करत टीमच्या मागे लपायची आपल्याला सवय असते, तिथे आय वापरा, उर्मटपणा वाटत नाही.

शेवटी आजी-आजोबांसाठी थोडं, कारण हे मला फार जणींनी विचारलंय. मुलाकडे न्यू जर्सीला किंवा बे एरियाला सहा महिने जायचं असतं, नातवंडांना मराठी समजतं पण अर्धवट, आणि त्यांच्याशी बोलायला इंग्लिशचा क्लास लावू का असं विचारतात. मावशी, क्लास नंतर लावा, आधी "व्हेन युअर डॅडी वॉज स्मॉल" ने सुरू होणारे तीन किस्से तयार करा. बाबा शाळेतून पळून आला ते, बाबाने आंब्याच्या अढीत लपून आंबे खाल्ले ते. भूतकाळाची दहा-बारा क्रियापदं लागतात, रॅन, फेल, क्राइड, हिड, एट, एवढीच. आंबा, अढी, आजोबा हे शब्द मराठीतच राहू द्या, मुलांना ते बरोबर कळतात आणि लक्षात पण राहतात. शिवाय मुलं तोच किस्सा रोज रात्री परत सांगायला लावतात, एखादी घटना गाळलीत तर टोकतात, रॅनच्या जागी रन म्हणालात तर तेही टोकतात, तेव्हा त्यांना टोकू द्या आणि तेच वाक्य दुरुस्त करून पुढे जा.